जनरलसाहेब जेवायला आले

होकार नंतर, आधी माणूस बघून घेईन, असं आईनं सिनेमावाल्यांना कळवलं तेव्हाच दुच्यांगच्या लक्षात यायला हवं होतं, की हा रविवार सरळ जाणार नाही.

माणूस म्हणजे नट. थू बायन्यान त्याचं नाव. लढायांवरच्या एका मोठ्या सिनेमात दिवंगत जनरल लाई दिंगशान यांचं काम त्याला मिळालं होतं. आणि सेनापती पडद्यावर आणायचा तर त्याच्या घरी जायचं, कथा ऐकवायची, नट दाखवायचा आणि घरच्यांचा होकार घेऊनच पुढे जायचं, ही रीत होती. स्थळ दाखवायला न्यावं तसं. फरक एवढाच, की इथे नवरामुलगा छप्पन वर्षांचा होता आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत वुहानच्या एका सोया सॉसच्या कारखान्यात बरण्या भरत होता.

स्टेशनवर दुच्यांगनं त्याला पाहिलं आणि हातातली सिगारेट पटकन पाठीमागे लपवली. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, व्यापारी कंपनीचा मॅनेजर, पण हात आपोआप मागे गेला. बाबांचीच डावी भुवई, टोकाला वर चढलेली. तोच पुढे आलेला खालचा ओठ.

"मी ओढत नाही फारशी," दुच्यांग म्हणाला.

"मीही नाही," थू बिचारा म्हणाला.

सोबत दिग्दर्शक बियान होता. चाळिशीचा, घाईचा माणूस. कमरेला पेजर, आणि तो दर पाच मिनिटांनी किरकिरायचा. पाच वाजताची परतीची गाडी होती आणि त्याआधी त्याला होकार हवा होता.

निवृत्त अधिकाऱ्यांच्या वसाहतीत शिरलं की कापराचं मोठं झाड लागतं. त्याच्याखाली फान काका नेहमीप्रमाणे चिनी बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. जनरलसाहेबांचे जुने सोबती, ऐंशी ओलांडलेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"लाई," ते म्हणाले, "तू मेलास ना?"

"हो," थू अदबीनं म्हणाला. "चार वर्षं झाली."

"मग होतास कुठे? चाल तुझी आहे."

दुच्यांगनं थूची बाही ओढली, पण तोवर थूनं उभ्या उभ्या तोफेची एक सोंगटी सरकवली होती. फान काकांनी पटाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि हिरमुसून मान हलवली.

"हा लाई नव्हे. लाई इतकं चांगलं खेळत नव्हता."

घरात यानलिंग दारातच उभी होती. ती दुच्यांगची थोरली बहीण, सैन्याच्या इस्पितळात सर्जन. तिला हा सगळा प्रकारच पसंत नव्हता. बाबांचा फोटो भिंतीवर आहे तेवढा पुरे, असं तिचं म्हणणं. थूला पाहून तिचा चेहरा जराही हलला नाही. फक्त ती म्हणाली, "बूट बाहेर," आणि मग तिच्या लक्षात आलं, की गेली कित्येक वर्षं हे दोन शब्द तिनं त्या घरात एकाच माणसाला सांगितले होते.

दुच्यांगची आई, युनझीबाई, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय सत्त्याहत्तर, पाठ ताठ. लाल सेनेच्या तळावर, येनानच्या गुहांमध्ये, त्या सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवत. त्यांच्या वर्गातला सगळ्यात मठ्ठ विद्यार्थी म्हणजे रेजिमेंट कमांडर लाई दिंगशान. पुढे त्यांनी त्याच्याशीच लग्न केलं. शिकवायची सवय मात्र सुटली नाही.

"चालून दाखवा," त्या थूला म्हणाल्या.

थू खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला.

"उजवा पाय जरा ओढत. गुडघ्यात गोळी आहे हे विसरू नका. हं. आता पोट आत."

"ते आत जात नाही, बाई."

"मग श्वास धरा. सिनेमा किती वेळाचा आहे?"

"तीन तासांचा."

"मग अवघड आहे," युनझीबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या, आणि दुच्यांगच्या जिवात जीव आला. त्यानं बियानकडे पाहून डोळा मिचकावला. काम फत्ते.

तेवढ्यात मागच्या अंगणाचं दार उघडून शुईशंग आत आला. हातात पालेभाजीची जुडी, पायजमा पोटऱ्यांपर्यंत दुमडलेला. जनरलसाहेबांचा हा थोरला मुलगा, पहिल्या बायकोचा. तो गावी असतो, दक्षिणेच्या डोंगरात, त्याची संत्र्याची बाग आहे. कालच एक मडकं घरची तांदळाची दारू घेऊन, आठ तास बसमध्ये बसून तो आला होता. त्यानं थूकडे पाहिलं, जसं आपण बाजारात दुसऱ्याच्या बैलाकडे पाहतो, आणि जुडी स्वयंपाकघरात ठेवायला निघून गेला.

दुच्यांगच्या जिवातला जीव पुन्हा जागेवरून हलला. कारण शुईशंगदादा का आलाय हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याला सिनेमात त्याची आई हवी होती.

बियानच्या कथेत ती नव्हती. कथेतले जनरलसाहेब गावातून लाल सेनेबरोबर निघतात तेव्हा सडेफटिंग असतात. गावकरी ढोल वाजवतात, झेंडे हलवतात, एक म्हातारी त्यांच्या हातात उकडलेली अंडी देते. मग लाँग मार्च, मग येनान, आणि तिथे चष्मा लावलेली एक तरुण शिक्षिका. म्हणजे युनझीबाई. त्या जागी मोठी देखणी नटी घेतली होती.

"प्रेक्षकांना एक बायको समजते," बियाननं महिन्यापूर्वी दुच्यांगला फोनवर सांगितलं होतं. "दोन आल्या की ते लढाई विसरतात आणि बायका मोजत बसतात. तरीही तुमच्या मातोश्री म्हणाल्या, तर घालू. त्या नाही म्हणाल्या तर विषय संपला. पण आम्ही विचारणार कसं?"

ते विचारणं दुच्यांगच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्यानं ते अजून गळ्यातच ठेवलं होतं.

*

स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठातलं मांस वाफेवर होतं. जेवणाला तासभर होता. त्या तासाभरात घरातलं प्रत्येक माणूस थूला कुठे ना कुठे गाठत राहिलं.

यानलिंगनं त्याला व्हरांड्यात बसवून रक्तदाब मोजला. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं पट्टा काढला आणि त्याच्या दंडाला गुंडाळला.

"एकशे साठ. गोळ्या घेता का?"

"आठवतील तेव्हा."

"आठवतील तेव्हा! तुमचं नेहमी असंच," ती म्हणाली. "जेवणात लोणचं दोन वाट्या, दारू लपूनछपून, आणि डॉक्टर घरातली म्हणून तिचं ऐकायचं नाही. बाई माणसानं चाकू धरू नये म्हणे. सर्जन नको, बालरोग घे म्हणे. पुढे तुमचं अपेंडिक्स कुणी काढलं?"

थूनं पोटावर हात ठेवला. त्याचं अपेंडिक्स जागच्या जागी होतं. पण सोळा वर्षं कारखान्यात आणि तीन वर्षं स्टुडिओत काढलेल्या माणसाला एक गोष्ट कळते, ती म्हणजे कधी गप्प राहायचं.

"तुम्ही काढलंत," तो म्हणाला. "आणि चांगलं काढलंत."

यानलिंगनं पट्टा सोडला, नीट गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. "मीठ-मसाला कमी करा," असं काहीसं पुटपुटत ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिली.

दुच्यांगचं काम सोपं होतं. त्यानं थूला अभ्यासिकेत नेलं, दार लावलं आणि म्हणाला, "सर, एक विनंती आहे. नुसतं 'शाब्बास, दुच्यांग' म्हणा."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल ते मी बघतो. तुम्ही म्हणा."

त्याचा जन्म झाला तेव्हा फौजा यांगत्से ओलांडत होत्या, म्हणून त्याचं नाव दुच्यांग, नदी ओलांडणारा. एवढं मोठं नाव घेऊन तो आयुष्यभर कपड्यांच्या शिलाई यंत्रांची आयात करत आला होता. थूनं भुवई चढवली, ओठ पुढे काढला आणि म्हणाला, "शाब्बास, दुच्यांग."

दुच्यांगनं मान हलवली. "नाही," तो म्हणाला. "बाबा असं म्हणालेच नसते. पण तुम्ही छान म्हणालात. सिगारेट घेणार?"

शुईशंगनं मात्र काहीच विचारलं नाही. तो मागच्या अंगणात जनरलसाहेबांच्या जुन्या भाजीच्या वाफ्यात बसून तण काढत होता. वसाहतीतल्या इतर घरांमागे गुलाब होते. इथे मुळा आणि मिरच्या. साहेबांना गुलाब म्हणजे जमिनीची नासाडी वाटायची. थू बाहेर आला तो धूर सोडत, मोकळी हवा खायला. त्याला वाटलं, हाही आता काहीतरी म्हणेल. तो वाट बघत उभा राहिला.

"पाय उचला," शुईशंग म्हणाला. "रोपावर उभे आहात."

थूनं पाय उचलला. "तुम्हाला काही बोलायचं नाही?"

"तुमच्याशी? तुम्ही मला काय सांगणार?" शुईशंगनं तणाची मुळं झटकली. "रागवू नका. तुम्ही दिसता तसेच, हे खरं. पण मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. जीपमधून उतरले. मला वाटलं, सरकारी कुणी जमीन मोजायला आलंय. मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, साहेब, कुणाकडे आलात?"

"मग?"

"मग काय. ते पाणी प्यायले."

थू खाली बसला. भूमिकेसाठी त्यानं आतापर्यंत वाचलेल्या सगळ्या कागदांत इतकं उपयोगी वाक्य एकही नव्हतं.

शुईशंग सांगू लागला, तण काढता काढता, कुणाला सांगतोय याकडे फारसं न बघता. त्याच्या आईचं नाव फंगच्याव. फौज गेली आणि मागून कुओमिन्तांगचे, म्हणजे तेव्हाच्या सरकारचे, शिपाई आले. घर जाळलं. लाल डाकूची बायको म्हणून तिला चौकात उभं केलं, तेव्हा तो तिच्या पोटात होता. ती डोंगरापलीकडे माहेरी गेली, आडनाव बदललं आणि लेकराला वाढवलं. बाहेर मात्र ती मारली गेली अशीच खबर पोचली. येनानलाही तीच पोचली. साहेबांनी दुसरं लग्न केलं त्यात त्यांची चूक नव्हती, हे शुईशंग तीनदा म्हणाला.

"गावात त्यांचं स्मारक आहे," तो म्हणाला. "शाळेची पोरं येतात. बाई सांगतात, जनरलसाहेबांचा जन्म या घरात झाला, या विहिरीचं पाणी ते पीत. विहीर आहे, जातं आहे, नांगरसुद्धा ठेवलाय. आई नाही. आता सिनेमा येणार. तंबू लावून गावात दाखवणार. तिथल्या म्हाताऱ्या बघतील आणि म्हणतील, मग फंगच्याव कोण होती? तिचं नाव नको. बोलणंही नको. नुसती दिसली तरी पुरे. शेतात वाकलेली एक बाई."

"तुम्ही बाईंना विचारलंत?"

"मावशींना?" शुईशंगनं आत घराकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी या घरात येतो. दर वेळी त्या माझ्यासाठी वेगळी तिखट भाजी करतात, आणि त्यांना भाजी अजिबात येत नाही. अशा माणसाला हे कसं विचारायचं?"

*

शेवटी विचारलं ते थूनं, आणि तेही नको त्या वेळी. सगळे टेबलाभोवती जमले होते, ताटल्या मांडून झाल्या होत्या, झाकणाखालून मांसाचा वास येत होता. थूला साहेबांच्या खुर्चीत बसवलं होतं. दारूचा पेला उचलून बियान म्हणणार होता, की तर मग बाईंचा होकार गृहीत धरू. तेवढ्यात थू म्हणाला, "कथेत फंगच्यावबाई का नाहीत?"

बियानचा पेजर वाजला. कुणी बघितलंही नाही.

"तो विषय नको," यानलिंग म्हणाली.

"विषय निघालाच आहे तर," दुच्यांग म्हणाला, "दादाचं म्हणणं चुकीचं नाही, ताई. दोन मिनिटांचं—"

"दोन मिनिटांचं? आणि पुढची पन्नास वर्षं लोक आईला काय म्हणतील? देशभरात लागणार आहे सिनेमा. इस्पितळात नर्सेस मला विचारतील, डॉक्टर, तुमची आई ती दुसरी का?"

"बरोबर आहे ताईचं," दुच्यांग लगेच म्हणाला.

"तू कुणाच्या बाजूचा आहेस?"

"मी जेवणाच्या बाजूचा आहे. निवतंय सगळं."

"तू नेहमी तसाच. आईकडे बघून आईचा, बियानसाहेबांकडे बघून सिनेमाचा." यानलिंग शुईशंगकडे वळली. तिचा आवाज खाली आला. "दादा, तुझ्या आईबद्दल मला आदर आहे. तुला माहीत आहे. पण माझ्या आईनं पण सोसलंय. सांस्कृतिक क्रांतीच्या त्या वाईट दहा वर्षांत बाबांना नेलं तेव्हा रस्ते झाडले तिनं, गळ्यात पाटी घालून. ती पाटी नाही सिनेमात. मी म्हटलं का ती घाला म्हणून?"

"नाही म्हटलंस," शुईशंग म्हणाला.

"सोसणं मोजायला लागलो तर तीन तास पुरायचे नाहीत."

"खरं आहे." शुईशंगनं जेवणाच्या काड्या सरळ करून ताटलीवर ठेवल्या. बोलायला तो उभा राहिला, गावच्या सभेत राहतात तसा, आणि मग टेबलाशी उभं राहणं विचित्र वाटून पुन्हा बसला. "मावशी, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी पुन्हा बोलणार नाही. संध्याकाळच्या बसनं जाईन, आणि हिवाळ्यात संत्री घेऊन नेहमीसारखा येईन. एवढंच."

सगळ्यांनी युनझीबाईंकडे पाहिलं.

युनझीबाई मात्र थूकडे बघत होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्याचा हा परका माणूस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत नवीन आलेल्या मुलासारखा. त्यांच्या मनात आलं, याला लिहून दिलेला धडाच चुकीचा आहे. आणि बरोबर धडा ज्या दोघांना माहीत होता ती दोघंही गेली. आता एकट्या त्यांनाच माहीत होता. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता. लपवायचं म्हणून नाही. त्या माणसाच्या आयुष्यात त्या आल्यानंतरचं सगळं त्यांचं होतं. हा एक क्षण तेवढा त्यांचा नव्हता, आणि तो त्यांनी जरा मागे सरकवून ठेवला होता, फडताळात मागच्या बाजूला भांडं सरकवावं तसा.

"बियान," त्या म्हणाल्या, "तुमच्या कथेत ढोल वाजतात."

"हो, बाई. निरोपाचा प्रसंग आहे. आठशे माणसं घेतोय."

"कुठून वाजतील ढोल? फौज निघतेय हे सांगायची मनाई होती. कुठे जातेय ते त्यांना स्वतःलाही धड माहीत नव्हतं. उकडलेली अंडीही नव्हती. कापणी चालली होती. ते वाटेत पाच मिनिटं बांधावर थांबले. फंगच्याव भात कापत होती. ते म्हणाले, पलटण निघाली, येतो. तिनं वळून पाहिलं नाही. आभाळ भरलेलं, आणि ओळ अर्धी राहिली होती. ती म्हणाली, बरं, लवकर जा. आणि येताना मीठ आण."

बियाननं हातातला पेला खाली ठेवला.

"नाकेबंदी होती ना तेव्हा," युनझीबाई वर्गात सांगावं तशा म्हणाल्या. "मीठ सोन्यासारखं होतं. लोक जुन्या घरांच्या भिंतींची माती उकळून खारट पाणी काढत."

"आईनं हे मला कधी सांगितलं नाही," शुईशंग म्हणाला.

"मलाही नाही सांगितलं. पन्नास साली ती तुला घेऊन आमच्याकडे आली, तीन दिवस राहिली. आठवतं? पहिल्या दिवशी मी भाजी केली. तिनं एक घास खाल्ला, काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, झालं, आता ही माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणार. तिनं मिठाच्या बरणीचं झाकण उघडलं. बरणी भरलेली होती. एक खडा जिभेवर ठेवला. म्हणाली, बरंच आहे की तुमच्याकडे. आणि हसायला लागली. इतकी हसली, की खाली फरशीवर बसली. मी पण बसले. मला काही कळलं नव्हतं, पण एकटं माणूस हसत बसलेलं बरं दिसत नाही."

दुच्यांग हसला, आणि मग त्याला वाटलं हसायला नको होतं.

"रात्री मी यांना विचारलं, ती का हसली? तेव्हा यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपले. तिसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा हे एक पोतंभर मीठ घेऊन जीपपाशी उभे. तिनं पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, राहू द्या. आता गावातही मिळतं."

शुईशंगनं तोंडावरून हात फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"तर हा निरोप घ्यायचा," युनझीबाई म्हणाल्या. "ढोल नाहीत, अंडी नाहीत. हा असेल तर माझा होकार आहे."

"बाई," बियान म्हणाला, "प्रसंग सोन्याचा आहे. पण मग पुढे येनानला तुम्ही येता. प्रेक्षक म्हणतील—"

"काय म्हणतील? दुसरी बायको. मी दुसरीच आहे."

"आई!" यानलिंग म्हणाली.

"ओरडू नकोस. मी काय तुझ्या इस्पितळातली पेशंट आहे? दुसरी म्हणजे काही शिवी नाही. पहिल्या ओळीनंतर दुसरी ओळ येते. पहिली पुसली तर दुसरी कुठून सुरू झाली ते कळत नाही, एवढंच."

"लांबीचाही प्रश्न आहे," बियान अजून चिकटून होता. "आधीच तीन तास—"

"'येताना मीठ आण' म्हणायला किती वेळ लागतो?"

बियाननं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग त्यानं पेजर बंद केला आणि म्हणाला, "एकदा बघू द्या. आत्ता, अंगणात. थू सर, जमेल?"

"आणि जेवण?" दुच्यांग म्हणाला.

पण पहिली उठली ती यानलिंग. तिनं भिंतीवरच्या खुंटीवरून बाबांचा जुना कोट काढला, थूच्या खांद्यावर घातला आणि गळ्याचं बटण लावलं. मग थांबून तिनं ते बटण पुन्हा काढलं. "तेव्हा हा कोट नव्हता," ती म्हणाली. "असेच जा."

*

फंगच्यावच्या जागी कोण उभं राहणार यावर अंगणात थोडी वादावादी झाली. यानलिंग म्हणाली, मला विळा धरता येत नाही. दुच्यांग म्हणाला, मी उभा राहिलो तर सिनेमा विनोदी होईल. शुईशंग काही न बोलता वाफ्यात उतरला आणि वाकला.

"आई अशी वाकायची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गुडघे ताठ. डाव्या हातात मूठभर धांडे. आणि सरकायची उजवीकडे."

साठ वर्षांचा, पाठीत पोक आलेला, पण त्याचा हात मिरच्यांच्या रोपांवरून असा फिरला, की सगळ्यांना भाताच्या ओंब्या दिसल्या.

थू बांधावर, म्हणजे फरशीच्या कडेला, आला. पाय ओढत.

"ओढू नका," युनझीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "गोळी पुढे लागली. आत्ता ते सव्वीस वर्षांचे आहेत."

थू मागे गेला आणि पुन्हा आला. या वेळी पावलं हलकी होती, पोटाचंही कुणाला काही वाटलं नाही. तो थांबला. समोरच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिला. बियानच्या कथेत या जागी जनरलसाहेबांना क्रांतीवर मोठं भाषण होतं, आणि थूला ते पाठ होतं.

"पलटण निघाली," तो म्हणाला. "येतो."

शुईशंग वळला नाही. उजवीकडे एक पाऊल सरकला. मग म्हणाला, "बरं. लवकर जा." आणि पुढचं वाक्य त्याला लगेच आलं नाही. दुच्यांगला वाटलं, दादा विसरला. यानलिंगनं मात्र ओठ आत ओढून घेतले. "आणि येताना," शुईशंग म्हणाला, "मीठ आण."

थू क्षणभर थांबला आणि निघाला. व्हरांड्यातून, बाहेरच्या खोलीतून, पुढच्या दारात बूट पायात सरकवून बाहेर. दार लागल्याचा आवाज आला. फाटकाचा आवाज आला.

बियाननं नाक पुसलं. "हेच," तो म्हणाला. "हेच घेतो. आठशे माणसं नको."

यानलिंग आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. युनझीबाईंनी त्या हातावर थोपटलं, घाबरलेल्या पोरीला थोपटावं तसं.

"थू सर कुठे गेले?" शेवटी दुच्यांगनं विचारलं.

तो परत आला नव्हता. त्यांनी थोडी वाट पाहिली. स्वयंपाकघरात भांड्याचं झाकण वाफेनं खडखडलं आणि गप्प झालं.

"थांबा म्हणायचं राहिलं माझ्याकडून," बियान म्हणाला. "थांबा म्हटल्याशिवाय ते थांबत नाहीत. मागे एकदा तळ्यात गेले होते."

शुईशंग सरळ झाला. कंबर धरून, हळूहळू. हाताची माती पायजम्याला पुसली. "मी बघतो," तो म्हणाला.

वसाहतीच्या रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. कोपऱ्यावर, जिथून बाहेरचा मोठा रस्ता सुरू होतो तिथे, थू पाठमोरा उभा होता. पुढे कुठे जायचं ते त्याला माहीत नव्हतं आणि मागे फिरायचं की नाही तेही. मागून तो फारसा कुणासारखा दिसत नव्हता. शुईशंग त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"बरं झालं का?" थूनं विचारलं. तो अजून रस्त्याकडेच बघत होता. "मला सारखं वळून बघावंसं वाटत होतं. पण बाई म्हणाल्या, घाई होती."

"बरं झालं."

"मग आता?"

"आता काय," शुईशंग म्हणाला, "चला. सगळं घर जेवायचं थांबलंय."

त्यानं थूचं कोपर धरलं. गुडघ्यात गोळी नसलेला, वुहानचा धडधाकट माणूस तो. त्याला कुणी धरून न्यायची गरज नव्हती. पण घराच्या दारात, बूट काढून होईपर्यंत, शुईशंगनं ते कोपर सोडलं नाही.